घरातला शब्द

शहाड, ११ मे

बाबा,

पत्र बघून तुला वाटेल हे काय नवीन. मेसेज केला असता तर तू स्क्रीनशॉट काढून लावला असतास. फोन केला असता तर आधी विचारलं असतंस, "एक मिनिट, रेकॉर्ड करू का?" म्हणून कागद. पाकीट मालन आत्याने आणून दिलं, पण ती तुझी मोठी बहीण असली तरी यातलं एक वाक्यही तिने सांगितलेलं नाही. सगळं माझं आहे.

मी इथे आत्याकडे नीट आहे. कोणी माझे कान भरलेले नाहीत. आईला सांग, गुडघा बरा आहे, खपली धरलीय.

मी का गेले असं तू आईला विचारतोयस म्हणे. तुला खरंच माहीत नाही?

मंगळवारी क्लासच्या बाहेर एका माणसाने मला "चिनू" म्हणून हाक मारली. शाळेत मला सगळे संचिता म्हणतात. चिनू फक्त घरात. तो बोलला, मी तुमच्या घरचाच आहे, रोज बघतो तुम्हाला. मी घरी येऊन एवढंच सांगितलं की असा एक माणूस होता आणि मी निघून आले. आई रडायला लागली. आणि तू रिंग लाइट लावलास. "जसं घडलं तसं सांग बाळा, बाकीच्या आईबाबांना उपयोग होईल." मी नाही बोलले, तर तू आईला बसवलंस. तिच्या मागे मी ओट्यापाशी पाणी पिताना दिसते. वर मोठ्या अक्षरात लिहिलंस, 'आमच्या चिनूसोबत जे झालं ते कोणासोबत होऊ नये'. खूप लोकांनी बघितलं, तू खूश होतास. ज्याने हाक मारली त्यानेही बघितलं असणार, हे तुझ्या डोक्यात आलं का?

दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली.

आपल्या 'आम्ही तळवडेकर' चॅनलवर मी जिथे जिथे आहे ते सगळे व्हिडिओ काढ. आणि माझ्याऐवजी सान्वीला पुढे करू नकोस. ती सहा वर्षांची आहे. तिला विचारलंस तर ती हो म्हणणारच, तिला कशालाही विचारलं तरी ती हो म्हणते.

सगळ्यात आधी तो शब्दाचा व्हिडिओ काढ. शाळेतल्या पालक सभेनंतर केलेला. घरात एक गुपित शब्द ठरवायचा, कोणी अनोळखी न्यायला आलं तर मुलाने आधी तो शब्द विचारायचा, तो. आजच काढ. का ते विचारू नकोस.

संचिता

(यापुढे चिनू म्हणू नकोस. ते नाव मला ऐकवत नाही.)


शहाड, १९ मे

बाबा,

शब्दाचा व्हिडिओ गेलेला दिसतोय. बाकीचे सगळे तसेच आहेत.

परवा तू आत्याला फोन केलास तेव्हा स्पीकर चालू होता. ती पोळ्या लाटत होती म्हणून. तू बोललास, "ताई, याच व्हिडिओंवर आपलं घर चाललंय. तिच्या क्लासची फी कुठून येते, विचार तिला." आत्याने लाटणं खाली ठेवलं. "विन्या, पोरीची फी पोरीलाच कमवायला लावतोस आणि वर तिलाच ऐकवतोस?" मग तू फोन ठेवलास. तिने उरलेल्या पोळ्या लाटल्या, पण सगळ्या करपल्या.

मी कृतघ्न आहे असं तुला वाटतंय, म्हणून हे लिहिते. लॉकडाऊनमध्ये तुझी कंपनी बंद पडली ते मला आठवतंय. तू भिंतीकडे तोंड करून झोपायचास आणि आई मला हळू बोल म्हणून खुणा करायची. मग एक दिवस तू मला घावणे उलटायला शिकवत होतास, आईने सहज शूट केलं. माझा घावणा फाटला आणि तू हसलास. किती दिवसांनी हसलेलास. तिथून चॅनल सुरू झालं. मलाही आवडायचं. दहा वर्षांच्या मुलीला वाटतं सगळं जग आपल्याकडे बघतंय म्हणजे आपण कोणीतरी भारी आहोत.

पण सातवीत मला पाळी आली. आईने ओवाळलं, तू शूट केलंस. आत्याला सांगायच्या आधी ते अख्ख्या महाराष्ट्राला कळलं. "आमची चिनू मोठी झाली." सोमवारी वर्गात मागच्या बाकावरून कोणीतरी तेच वाक्य तुझ्या आवाजात म्हटलं. मी पोट दुखतंय सांगून घरी राहिले, तर तू त्यावरही व्हिडिओ केलास. पोटदुखीवर ओव्याचा काढा.

तेव्हा मी तुला बोललेले, बाबा, मला नको. तू बोललास, "अगं, आपलीच माणसं आहेत." ती कोण आहेत हे तुला तरी माहीत आहे का?

रविवारी आई आलेली, सान्वीला घेऊन. सान्वीने मला पडलेला दात दाखवायला तोंड उघडलं, तर आत्याच्या शेजारच्या काकू बोलल्या, "हो, बघितलं ना आम्ही, बशीत ठेवलेला दात." म्हणजे माझी जागा भरली. पुढच्या महिन्यात तिची पहिली सुरू होतेय. तिच्या नवीन युनिफॉर्मवर शाळेचं नाव आहे, गळ्यातल्या कार्डावर बसचा नंबर आहे. पहिल्या दिवसाचा व्हिडिओ तू ठरवून ठेवला असशील. ठरवला असशील तर रद्द कर.

आईला मी विचारलं, तुला काय वाटतं? ती डबे उघडत राहिली. आंबोळ्या मऊ आहेत का बघ, बोलली.

संचिता


शहाड, २७ मे

बाबा,

तू माझं पत्र वाचून दाखवलंस.

मला आत्याने सांगितलं नाही, क्लासच्या ग्रुपवर पायलने पाठवलं. 'लेकीचं पत्र वाचून बाबा रडले.' घावण्यांपर्यंत वाचलंस. भिंतीकडे तोंड करून झोपायचास ते पण वाचलंस, आणि तिथे चष्मा काढून डोळे पुसलेस. त्यापुढचं वाचलं नाहीस. पाळीचं नाही, सान्वीच्या दाताचं नाही. पत्र घडी केलंस आणि बोललास, "ती लवकरच घरी येईल, तुमचे आशीर्वाद असू द्या."

मी व्हिडिओ दोनदा बघितला. पहिल्यांदा मला तुझी दया आली, ते मी मान्य करते. तू खरंच रडत होतास. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा तुझ्या मागे सान्वी दिसली. ती पडद्याआडून कॅमेऱ्याकडे बघून हसायची प्रॅक्टिस करत होती.

आत्या बोलली, आता पत्र लिहायचं बंद कर. मी का बंद करू? तू अर्धं वाचतोस ही तुझी चूक आहे. म्हणून या वेळी तुझं काम सोपं करते. खाली लिहिलंय ते तुझ्यासाठी नाहीच. ते कॅमेऱ्यासमोर वाच, पूर्ण वाच, एक ओळ गाळू नकोस.

नमस्कार. मी संचिता. यंदा माझी दहावी आहे. तुम्ही मला पाच वर्षं बघताय, मी तुम्हाला एकदाही बघितलेलं नाही. माझी खोली कुठली, माझ्या खिडकीतून काय दिसतं, मला कशाची ॲलर्जी आहे, मी कुठल्या पेपरात नापास झाले, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातले बहुतेक जण चांगलेच असतील. पण कोण चांगलं आणि कोण नाही ते मला इकडून कळत नाही, आणि माझ्या बाबांनाही कळत नाही. ते सांगतात की कळतं. तुम्ही कमेंटमध्ये लिहिता की चिनू आमच्या मुलीसारखी आहे. मग तुमच्या मुलीचं जे तुम्ही चारचौघांत दाखवणार नाही ते माझंही बघू नका. माझ्यावर प्रेम असेल तर बघायचं बंद करा. माझ्या बहिणीला तर सुरुवातच करू नका.

वाचशील?

नाही वाचणार, माहीत आहे मला. तर मग माझी कुठलीच पत्रं वाचायची नाहीत.

संचिता


शहाड, २ जून

बाबा,

हे पत्र एकट्याने वाच. आई जवळ असली तर तिला बसायला सांग आणि मग वाच.

शनिवारी मी आत्याबरोबर पोलीस स्टेशनला गेलेले. तू तक्रार केली नव्हतीस, कारण काही झालंच नाही असं तुला वाटत होतं. ती चूक तुझी नाही, मीच तसं सांगितलेलं. खरं मी तुला सांगितलं नाही, कारण तू ते थंबनेलवर लिहिलं असतंस.

तिथल्या मॅडमनी मला आधी पाणी दिलं. मी सांगायला लागले. तो स्कूटरवर होता, हेल्मेट काढून हातात धरलेलं. बोलला, "चिनू, आईला चक्कर आली, हॉस्पिटलमध्ये नेलंय, बाबा तिकडेच आहेत, त्यांनी मला पाठवलं." मॅडमनी विचारलं, "मग तू त्याच्याबरोबर गेलीस?" मी हो बोलले. "अनोळखी माणसाबरोबर का गेलीस, बाळ?"

मी बोललेले त्याला, बाबा. तू शिकवलेलंस तसं. मी दोन पावलं मागे सरकले आणि विचारलं, "शब्द काय आहे?" तो हसला आणि बोलला, "पातोळे."

मॅडमचं पेन थांबलं. आत्याला काही माहीत नव्हतं. तिने माझा हात इतका घट्ट धरला की दुखला.

तू त्या व्हिडिओत बोललेलास, आमचा शब्द आम्ही बदलणारच आहोत, उदाहरण म्हणून सांगतो. आपण बदलला नाही. त्या दिवशी जेवायला बसलो आणि विसरून गेलो.

म्हणून मी बसले. त्याच्या मागे, स्कूटरवर. घराजवळच्या हॉस्पिटलकडे वळायचं तिथे तो वळला नाही, शीळ रोडला लागला. मी विचारलं, हॉस्पिटल तर मागे राहिलं. त्याने वेग वाढवला. मी त्याच्या पाठीवर मारत होते. कटाई नाक्याजवळ मेट्रोच्या कामामुळे सगळं तुंबलेलं, तिथे त्याला हळू व्हावं लागलं आणि मी उडी मारली. गुडघा तिथे फुटला, मी सांगितलेलं तसं जिन्यावर नाही. रस्त्याकडेला उसाच्या रसाचं दुकान होतं, मी सरळ आत घुसले. तिथल्या गोदामावशी कांडकं टाकत होत्या. मला बघून त्यांनी मशीन बंद केलं, मला आपल्या मागे उभं केलं आणि बाहेर येऊन उभ्या राहिल्या, हातात ऊस. तो थोडा वेळ थांबला, मग गेला. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला बोलावून मला घरी पाठवलं.

घरी आले तर तू सान्वीबरोबर कसलं तरी चॅलेंज शूट करत होतास. लिंबू खाऊन तोंड वाकडं न करण्याचं. मी बाथरूममध्ये जाऊन गुडघा धुतला.

अजून एक आहे. ते लिहायला मला दोन दिवस लागले.

मॅडम बोलल्या, त्याने क्लास कसा शोधला ते बघायला हवं. मी आणि आत्या बसलो आणि जुन्या कमेंट वाचल्या. एप्रिलमधला, माझ्या वाढदिवसाचा व्हिडिओ. एकाने लिहिलंय, "दादा, चिनूचा क्लास खूप छान वाटतो, आमच्या भाचीला पण घालायचाय. कुठे आहे आणि किती वाजता सुटतो?" खाली तुझं उत्तर आहे. मानपाडा रोड, अमुक बिल्डिंग, पहिला मजला, दुपारची बॅच किती वाजता सुटते ते. आणि त्याच्या कमेंटला तू लाल बदाम दिलायस.

तुझा राग येऊन मी हे लिहीत नाहीये. म्हणजे राग येतोय, खूप येतोय, पण त्यासाठी नाही. तुला हे पोलिसांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय. मॅडम तुला बोलावणार आहेत. ती कमेंट पुसू नकोस, त्यांना ती हवी आहे.

मी अजून एकटी खाली जात नाही. दूध आणायलाही आत्या येते. पहिल्या पत्रात नीट आहे लिहिलेलं, ते खोटं होतं.

शब्द मी बरोबर विचारलेला, बाबा. माझं काही चुकलं नाही. हे तू मला सांगावंस असं वाटतं, पण तू नाही सांगितलंस तरी मला माहीत आहे.

संचिता


शहाड, १२ जून

बाबा,

तू आलास त्या दिवशी मी तुझ्याशी धड बोलले नाही. आत्याने चहा ठेवला, तू कप हातात घेऊन माझ्या गुडघ्याकडे बघत बसलास आणि चहावर साय आली. मग तू बोललास, "तुझं काही चुकलं नाही." मी आत निघून गेले, कारण मला तुझ्यासमोर रडायचं नव्हतं. तुझ्यासमोर रडायची मला सवय राहिलेली नाही, ते कुठे ना कुठे दिसतं. हे मी आत जाऊन स्वतःशीच बोलले, आणि तू ते ऐकून मान खाली घातलीस असं आत्या सांगते. भिंत पातळ आहे, मी आतून बोललेलं तुला ऐकू गेलं असणार.

तू मॅडमसमोर स्वतः सांगितलंस की पत्ता मी दिला, हे मला आवडलं. तिथे तू खोटं बोलू शकला असतास, विसरलो म्हणू शकला असतास. तो माणूस माजिवड्याला सापडला आणि त्याच्या फोनमध्ये आणखी दोन मुलींच्या क्लासच्या वेळा होत्या, हे ऐकून तू बाहेर बाकावर बसलास, तेव्हा मी तुझ्या शेजारी येऊन बसले. तेवढंच मला जमलं.

आईचा काल फोन आला. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. चॅनल बंद केलं, तिच्यासमोर. तू बटण दाबताना थांबलास तेव्हा तिने तुझा हात धरून दाबलं, असं ती बोलली. धरला की ढकलला, ते तिने सांगितलं नाही. आपल्या व्हिडिओंचे काही तुकडे दुसऱ्यांनी उचलून त्यांच्या पानांवर टाकलेत, ते निघायला वेळ लागेल, काही निघणारही नाहीत. मॅडमनी तक्रार कशी करायची ते दाखवलंय. मी आणि तू मिळून करू. एकेक करून. मी ते सगळं आयुष्यभर बघत बसणार नाही, पण सोडूनही देणार नाही.

मानपाड्याला एका कंपनीत तू भेटून आलास, स्टोअरचं काम आहे, असं आई बोलली. तिकडे झालं तर चांगलं. नाही झालं तर दुसरीकडे बघ. फी भरायला उशीर झाला तर मी सरांशी बोलेन.

आता तुझ्या निरोपाबद्दल.

तू काल आत्याकडे सांगितलंस की लोक विचारतायत. पाच वर्षं ती माणसं आपल्याबरोबर होती, असं अचानक गायब होणं बरं नाही. फक्त एक छोटा व्हिडिओ टाकू, चौघांचा, रडारड नाही, काही नाही. सगळ्यांना थँक्यू म्हणू आणि संपवू. संचिता फक्त हात हलवेल, तिने बोलायची पण गरज नाही.

आत्या मला सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. तिला वाटलं मी हो म्हणेन. इतकं सगळं तू ऐकलंस, एवढं एक माझ्याकडून.

नाही, बाबा.

हात हलवणार नाही. मागे उभी राहणार नाही. सान्वीही नाही. त्यांना वाईट वाटेल हे मला समजतं, तुला जास्त वाईट वाटेल हेही समजतं. तुला त्या माणसांची सवय झालीय, मला माहीत आहे. पण आपण कसे आहोत, कुठे आहोत, अजून हसतोय का, हे त्यांना कळायलाच नको. बंद दाराआड एक घर असतं आणि आत काय चाललंय ते कोणालाच माहीत नसतं, मला तेवढंच पाहिजे. सगळ्यांच्या घरी असतं तसं.

सान्वीची शाळा सोमवारी सुरू होतेय. तिला मी सोडायला जाणार, तू पण चल. तिची वेणी मी घालेन. आपण चालत जाऊ, ती गेटमध्ये रडेल किंवा नाही रडणार, आणि ते फक्त आपल्या तिघांना माहीत असेल.

रविवारी संध्याकाळी येते. आत्या सोडायला येईल. दार उघडशील तेव्हा तुझे दोन्ही हात रिकामे असू देत.

संचिता